शेवटचं छिद्र

सहा महिने हिमानी त्या लाकडी पुतळ्याची डॉक्टरीण झाली होती. पॅसिफिकमधल्या न्यू आयर्लंड बेटावरून शंभर वर्षांपूर्वी तो अमेरिकेतल्या या म्युझियममध्ये आला होता. किडीनं त्याची चाळण केली होती. एकेक छिद्र तिनं जपून बुजवलं होतं.

आज त्या बेटावरचे टोबियास आजोबा पुतळा बघायला आले.

"एकच छिद्र राहिलंय," ती हौसेनं म्हणाली. "मग दोनशे वर्षं याला काही होत नाही!"

आजोबांनी पुतळ्याचा गाल कुरवाळला. "माझे पणजोबा वारले तेव्हा हा कोरला. आमच्यात असा पुतळा एकदाच सगळ्यांना दाखवतात, गावजेवण घालतात आणि रानात सोडून देतात. तो कुजून गेला, की माणूस मोकळा झाला."

दरवर्षी शाडूचा गणपती बादलीत विरघळताना रडणाऱ्या लेकीला हिमानीच तर समजवायची, "जाऊ द्यायचं असतं गं, राणी!"

"सॉरी, आजोबा." 'आजोबा' तिच्या तोंडून मराठीतच निघालं.

"सॉरी कशाला? परक्या गावात इतकी माया कोण लावतं?" ते हसले आणि पुतळ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटून निघून गेले.

संध्याकाळी हिमानीनं रिपोर्टमध्ये 'काम पूर्ण' असं लिहिलं. शेवटचं छिद्र मात्र तिनं तसंच ठेवलं. पणजोबांना निघायला वाट नको का?