चंदनाचा हार

“मानेतली ही गाठ रक्तात हार्मोन सोडते. एकाएकी घाम, धडधड, चढलेलं बीपी, सगळं तिचंच काम. कधीकधी ती बापाकडून मुलांत उतरते. तुमच्या वडिलांना होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे! अण्णा नुसते तापट होते,” कालिंदीचा नवरा मानेवरची गाठ चोळत म्हणाला.

त्याच्यासोबत दवाखान्यांच्या खेपा घालून कालिंदी पार गळून गेली होती. घरी येताच ती सासऱ्यांच्या फोटोसमोर उभी राहिली. भरल्या ताटावरून घामाघूम होऊन थरथरत उठणारे अण्णा तिला आठवले. तिने चंदनाचा हार बाजूला सारला. अण्णांच्या जबड्याखाली नवऱ्यासारखाच फुगवटा होता.

“आई, वेणी घाल ना.” कंगवा घेऊन लेक पुढ्यात बसली.

कालिंदीची बोटं केसांखाली, लेकीच्या मानेवर फिरू लागली.

“गुदगुल्या होतात गं!” लेक खिदळली.

कालिंदी पुन्हा पहिल्यापासून चाचपत राहिली.