लेलंडची निळी पत्रिका

डेलबर्ट हूपरनं आर्डिसच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी पसरली आणि एका नावावर बोट टेकवलं.

"हे काय आहे, आर्डिस?"

नाव तिच्या नवऱ्याचं होतं. लेलंड स्टोल्झ. पुढं छापलं होतं: मे महिन्यातली प्राथमिक निवडणूक, टपालानं मतदान, मतपत्रिका डेमोक्रॅट पक्षाची.

आर्डिसनं त्याच्या कपात कॉफी ओतली.

कुणी कुणाला मत दिलं हे काउंटीत कुणालाच कळत नाही. पण मत दिलं की नाही, आणि उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुकीत कुठल्या पक्षाची पत्रिका मागितली, हे सरकारी यादीत येतं आणि ती यादी कुणालाही मिळते. डेलबर्ट हा रिपब्लिकनांचा या भागातला माणूस. तीस वर्षं तो ती यादी डोळ्यांत तेल घालून वाचत आला होता. हमरस्त्यापलीकडं नव्या वसाहती उठल्यापासून दर खेपेला दहावीस घरं निळी, म्हणजे डेमोक्रॅटांची व्हायची, आणि प्रत्येक घर त्याला दाढ उपटल्यासारखं लागायचं.

"वृद्धाश्रमानं तेवढी लाज राखली," तो बसता बसता म्हणाला होता. "टपालानं साठच्या साठ आपली. आणि इथं बघ."

इथं म्हणजे लेलंडच्या घरात. पंचवीस वर्षं डेलबर्टच्या जोडीनं प्रचाराला दारोदार फिरलेल्या लेलंडच्या.

दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, लेलंड वृद्धाश्रमातल्या टपाली मतांबद्दल काही विचारायचं म्हणून निवडणूक कार्यालयाकडं निघाला. तिथं तो पोचला नाही, घरीही परतला नाही. आठवड्यानं दूरच्या नेवाडा राज्यातून त्याच्या नावानं टंकलेली चिठ्ठी आली. मला शोधू नकोस. शेरीफ म्हणाले, बाई, या वयातही नवरे जातात. गल्ली महिनाभर कुजबुजली आणि मग दुसऱ्या विषयाला लागली. आर्डिस मात्र जिथल्या तिथं राहिली. रोज दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची.

यंदा लेलंडच्या नावानं टपाली मतपत्रिकेचा अर्ज तिनंच भरला, त्याची सहीही तिनंच केली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती सही तिच्या हाताला बसली होती. पकडली गेली तर तुरुंग, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यादी बाहेर पडली आणि दाराला विसावा राहिला नाही. पाद्रीबुवा ॲपल पाय घेऊन आले आणि लेलंडसाठी मोठा तुकडा ठेव म्हणाले. नणंद मर्ना दारातच रडायला लागली, भाऊ आला आणि मला कळवलंसुद्धा नाहीस म्हणून. शेरीफचा हवालदार फुलर तर जिन्याखाली उभा राहून लेलंडला हाका मारायला लागला. सगळ्यांना आर्डिसनं एकच सांगितलं, कार्यालयाचा घोळ असेल. आलेला माणूस परतला की ती खणातला कागद काढायची आणि त्यावरचं एक नाव खोडायची.

आता डेलबर्टलाही तिनं तेच सांगितलं.

"घोळ नाही," तो म्हणाला. "मी मतपत्रिकेचं पाकीट पाहून आलोय. सही तू केलीस."

"कशावरून?"

"उगाच डोकं चालवू नकोस. पाच वर्षं आत बसशील, या वयात." त्याचा आवाज खाली आला, जवळजवळ मायेचा झाला. त्यानं खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. सगळा भरलेला होता, फक्त तिची सही राहिली होती. "लेलंडचं नाव यादीतून कायमचं काढा, एवढंच लिहिलंय. कर सही. मग मी काही पाहिलं नाही, तू काही केलं नाहीस."

"आणि तो परत आला तर?"

डेलबर्टनं कॉफीचा घोट घेतला.

"सही कर, आर्डिस."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र बंद पडलं. आर्डिसला एकाएकी जाणवलं की घरात आपण दोघंच आहोत, आणि तो दाराच्या बाजूला बसलाय. तिला भीती वाटली. तरी तिनं पेन उचललं, खण उघडला आणि आपला कागद त्याच्या अर्जावर ठेवला. पंधरा नावं होती. चौदा खोडलेली. पंधराव्याभोवती तिनं सावकाश गोल काढला.

"हे काय?" डेलबर्टनं विचारलं.

"लेलंडला ओळखणारी माणसं. यादी वाचून सगळी येऊन गेली. चौदाही जणांनी आल्या आल्या विचारलं, लेलंड परत आला का?" तिनं पेन खाली ठेवलं. "तू अजून विचारलं नाहीस."