नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही

"मालकाचं नाव सांगा," वहीवरून मान न उचलता वामनराव म्हणाले.

मैनाबाईने पदर दातात धरला; नवऱ्याचं नाव बाई तोंडाने कसं घेणार? तिच्या मागे पंचवीस-तीस बाया होत्या. रांगेत सहावी जयवंता. ती मूर्तिजापूरची, फुलं पिकवून विकणारी. तिच्या हातात स्वतः लिहिलेल्या कथेचे चार कागद होते. 'चंद्रावरचा आठवडी बाजार' असं कथेचं नाव. ती वाचायला चार वाजता तिला मंचावर बोलावणार होते. तीन पुकाऱ्यांत माणूस आला नाही तर कथा बाद. पावणेचार होऊन गेले होते.

अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये 'उद्याचे जग' मंडळाचं संमेलन भरलं होतं. आत रेडिओ बोलत होता, विजेचा पंखा फिरत होता. नागपूरहून आलेले एक गृहस्थ माणूस चंद्रावर कसा जाईल ते फळ्यावर काढून दाखवत होते. त्यांच्या मते तीन दिवस लागणार होते. बाईला शेडच्या दारातून आत जायला किती लागतील, ते कुणी काढलं नव्हतं.

गेल्या साली इथेच गर्दीत कुणीतरी बायांना चिमटे काढले होते. ओरडा झाला, पण चिमटे काढणारा सापडला नाही. म्हणून यंदा सात पुरुषांची स्त्रीसंरक्षण समिती नेमली. तिने तीन महिने बैठका घेतल्या. चिमटे काढणारा सापडत नाही, पण बाया सापडतात, असं समितीच्या ध्यानात आलं. तेव्हा बायांचीच नोंद करायचं ठरलं. प्रत्येक बाईने आपल्या मालकाचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगावं, मगच तिला आत सोडावं. पुरुषांनी सरळ आत जावं.

"सांगतो," मैनाबाई म्हणाली. "आगगाडी लाहोरले जाते ना? थ्या मुलखाचं नाव."

"लाहोरराव?"

"अजी बाप्पा! पाच नद्या हायेत थ्या मुलखात."

वामनरावांनी टाक कानावर ठेवला. "गंगाधर?"

बायांनी तोंडाला पदर लावले. बाजूलाच मैनाबाईचा नवरा उभा होता. त्याला राहवलं नाही. "अहो, मी पंजाबराव! हा काय तुमच्या समोर उभा हाओ!"

"तुम्ही बोलायचं नाही," वामनराव म्हणाले. "बाईच्या तोंडून आलं पाहिजे."

तेवढ्यात शिट्टी वाजली. छातीवर पिवळी फीत लावलेला एक धिप्पाड माणूस रांगेपाशी आला. जयवंता त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पुढच्या बाईला हळूच विचारलं, "हा कोन व?"

"खुशालराव. समितीचे मुख्य. आपले रक्षक."

खुशालरावांनी अडचण ऐकली आणि ती चुटकीसरशी सोडवली. "उखान्यात घ्या ना बाई नाव! लगनात घेता तसं."

मैनाबाई लाजली. पण तिलाही रेडिओ बघायचा होता.

"वऱ्हाडच्या कापसाची इलायतेत गाठोडी,
पंजाबरावले घेऊन आली जुंपून बैलजोडी."

टाळ्या पडल्या. त्या ऐकून आतले पाच-सहा पुरुष बाहेर आले. दुसऱ्या बाईच्या उखाण्याला वीस आले. तिसरीला त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. चौथीच्या वेळी आत चंद्राचे गृहस्थ, पुकारा करणारा आणि विजेचा पंखा एवढेच उरले. मग ते गृहस्थही खडू हातात घेऊन दारात आले.

आत घंटा झाली. "जयवंताबाई, मूर्तिजापूर!"

पाचव्या बाईला उखाणा सुचेना. पुरुष तिला यमकं सुचवू लागले. कुणी 'भाकर' सांगे, कुणी 'साखर'.

"जयवंताबाई, मूर्तिजापूर!" दुसरा पुकारा झाला.

जयवंता रांग सोडून पुढे आली. "माहा पुकारा होऊन राह्यला. मले जाऊ द्या."

खुशालराव दारात आडवे झाले. "नाव घेतल्याबिगर कोनी आत जानार नाही. तुमच्याच भल्यासाठी हाये बाई हे. गेल्या साली काय झालं मालूम हाये ना?"

"मालूम हाये."

"मंग?"

"नाव घेतलं का सोडसान?"

"हौ, हौ! पन मोठ्यानं घ्या. साऱ्यायले आयकू जाऊ द्या."

जयवंताने कागद काखेत धरले. डोक्यावरचा पदर सारखा केला. पण ती लाजली नाही. घसा मोकळा करून ती म्हणाली,

"पत्र्याच्या मांडवात इजेच्या दिव्याची रांग,
चिमटा काढून खुशालराव पळाले, आजून ठनकते आंग."

शेडचे पत्रे हादरतील एवढं हसू उठलं. असा झणझणीत उखाणा कुणी ऐकला नव्हता. चंद्राच्या गृहस्थांनी खडू धरूनच टाळ्या वाजवल्या. "वा! खुशालराव, बाईचा मालक तुमच्याच नावाचा निघाला की!" कुणीतरी ओरडलं. वामनरावांनी ठळक अक्षरात नाव लिहिलं आणि वर टीपकागद दाबला. हसले नाहीत ते एकटे खुशालराव. त्यांच्या तोंडातली शिट्टी नुसती फुसफुसली. त्यांची मान खाली गेली, पाय आपोआप बाजूला झाले आणि दार मोकळं झालं.

"जयवंताबाई, मूर्तिजापूर! शेवटचा पुकारा!"

"आली! आली!" जयवंता ओरडली. तिने उंबरा ओलांडला. मग जराशी मागे वळली.

"वामनरावजी, नाव बराबर लिवलं तुमी. फकत रकाना बदला. माह्या मालकाचं नाव म्या आजून घेतलंच नाही."