पाहुण्यांची माडी

दार लोटायला लुदिविनाने हात पुढे केला आणि आतला आवाज ऐकून तो तसाच राहिला.

"माझं नाव सेवेरो. मी दारुडा आहे. आज नऊ वर्षं आणि दोन महिने झाले, थेंब घेतलेला नाही."

आवाज ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. रोज उजाडता उजाडता तिच्या मागच्या दाराशी हाच आवाज यायचा. "बाई, माडी!" मग कॅन टेकल्याचा आवाज, मग चपला वाजवत जाणारी पावलं. गेली चार वर्षं.

गावातलं कुणी भेटू नये म्हणून ती दोन जीपगाड्या बदलून लांबच्या हिलोंगोस शहरात आली होती. दारू सोडणाऱ्यांची बैठक, बर्फाच्या कारखान्यामागची खोली, रविवारी चार वाजता, असं फोनवर सांगितलं होतं. तो नंबर आरोग्यकेंद्राच्या भिंतीवरचा. कागद तिथली सुईण म्हणून तिनेच चिकटवला होता, गावातल्या बाप्यांसाठी. काल मात्र, जिला बाळंत करायला ती गेली होती तिच्या नवऱ्याने दारातच तिच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेर बसा." एकवीस वर्षांचा तो पोरगा. त्यालाही या जगात तिनेच आणलं होतं.

तिने दार ढकललं.

आत दोघंच होते. सेवेरो उभा होता आणि खुर्चीत एक थोराड म्हातारी कॉफी ओतत होती. "आलीस? ये गं. फोनवर बोलले ती मी, तासिंग. बाजारात मासे विकते. बस."

लुदिविना बसली नाही. सेवेरोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नोंग सेवेरो, नऊ वर्षं?" गावात थोरल्या भावाला मारतात तीच हाक मारून ती म्हणाली. "नऊ वर्षं स्वतःच्या तोंडाला लावली नाहीत, आणि माझ्या दाराशी रोज कॅन ठेवता?"

"तुम्ही म्हणाला होतात, बाई, पाहुण्यांसाठी हवी."

"चार वर्षं रोज पाहुणे? आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

सेवेरोने मान खाली घातली. "नाही वाटलं."

तासिंगच्या हातातला कप कलंडला. कॉफी तिच्या झग्यावर सांडली तरी तिचं लक्ष नव्हतं. "कसला कॅन?" तिने विचारलं. "सेवेरो, तू तर सुतार ना?"

भिंतीपलीकडे बर्फ फोडण्याचं यंत्र घरघरत होतं.

"सुतार?" लुदिविनाला हसू फुटलं आणि त्या हसण्याची तिची तिलाच भीती वाटली. "नांग, ताई, आमच्या गावात यांच्याइतकं भराभर माडावर कुणी चढत नाही. यांची नखं बघा. माडीला रंग यावा म्हणून झाडाची साल घालून घालून लाल झालीत."

"ते रोगण आहे म्हणालास तू मला," तासिंग हळूच म्हणाली. "मी तुला नखं घासायला रॉकेल आणून दिलं होतं, मेल्या."

"दुसरं काय करू मी?" सेवेरोचा आवाज चिरकला. "दहाव्या वर्षापासून झाडावर आहे. जमिनीवरचं एक काम येत नाही मला. काढतो, गाळतो, चव बघायची वेळ आली की बायकोला हाक मारतो. स्वतः जीभ लावत नाही. आईची शपथ."

"मीच पिते हे कधी ओळखलंत?" लुदिविनाने विचारलं.

"पहिल्याच महिन्यात."

"मग एका शब्दाने बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक, बाई. एक दिवस चुकला नाहीत."

तासिंगने छातीवर क्रूसाची खूण केली. सेवेरो खुर्चीच्या पाठीवरची टोपी घेऊन दाराकडे निघाला, पण दारात लुदिविना होती, आणि ती हलली नाही.

"सरका, बाई. इथे दाखवायला मला तोंड उरलं नाही."

"मी कुठलं तोंड घेऊन आलेय?" ती म्हणाली. "बसा."

तो मुकाट्याने बसला. तासिंगने कमरेच्या फडक्याने झगा पुसला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढली. नऊ वर्षं ती स्वतःही याच माणसाकडे बघून दारूविना दिवस काढत आली होती. आता तिची नजर त्याच्यावर ठरत नव्हती.

"अशी आणखी किती घरं आहेत?" तिने विचारलं. "पाहुणे नसलेली?"

सेवेरोने हात पुढे धरला आणि एकेक बोट मिटायला लागला. ओठ हलत होते, नाव कुणाचंच बाहेर आलं नाही. एका हाताची मूठ झाली. तो थांबेल असं लुदिविनाला वाटलं. त्याने दुसरा हात वर केला.

तिने भिंतीकडची खुर्ची घेतली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ओढून बसली. दुसऱ्या हाताचीही मूठ होत आली होती.

"एक बोट उघडा, नोंग," ती म्हणाली. "माझ्या घराचं."

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. दोन्ही मुठींकडे तो आळीपाळीने बघत राहिला, आणि मग त्याने उजव्या हाताचा अंगठा सरळ केला.