मोकळी बाजू

खोलीचं दार उघडंच होतं, तरी स्ट्रायकरनं ते वाजवलं. एकोणीस वर्षांचा पोरगा. क्लबच्या मुख्य संघात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तिसऱ्या सामन्यात त्यानं पहिला गोल मारला, आणि तो मारतानाच्या धडकेत समोरून झेपावलेल्या विरुद्ध संघाच्या गोलकीपरची डावी नडगी दोन ठिकाणी मोडली. आज अकरावा दिवस.

गोलकीपर हॉस्पिटलच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी त्याची बायको धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"लोक तुला सुसाट म्हणतात ना रे?" गोलकीपर म्हणाला. "मग दारापासून खाटेपर्यंत यायला मुहूर्त बघतोयस का?"

पोरगा आत आला. वाटेत त्यानं बरंच काही पाठ केलं होतं. "दादा, माझं चुकलं," एवढंच बाहेर पडलं.

"नाही चुकलं." उत्तर बायकोनं दिलं, मान वर न करता. "तो व्हिडिओ मी चाळीस वेळा बघितलाय. तुझा पाय आधी बॉललाच लागतो. एकदा तरी आधी ह्यांच्या पायाला लागलेला दिसावा, म्हणून बघत होते. मनसोक्त शिव्या द्यायच्या होत्या तुला."

"द्या ना, वहिनी."

"आता कुठल्या तोंडानं देऊ? बस. जपून, ते स्टूल डुगडुगतं."

तो बसला. फळांची पिशवी कुठे ठेवावी ते न कळून त्यानं ती मांडीवरच धरली. "डॉक्टर काय म्हणतात?"

"आठ महिने," ती घाईनं म्हणाली. "पुढच्या मोसमात पहिल्या दिवसापासून गोलमध्ये उभे असतील. हातमोजेसुद्धा धुऊन ठेवलेत मी."

गोलकीपर खिडकीकडे बघत होता. छत्तीस वर्षांचा होता, पण या अकरा दिवसांत त्याच्या दाढीत बरंच पांढरं दिसायला लागलं होतं.

"शनिवारचा सामना बघितला मी," तो म्हणाला. "मोबाइलवर."

पोराचे कान तापले.

"बॉल तुझा होता. दोन पावलांवर. तू पाय मागे घेतलास."

"हो."

"आणि हाफटाइमला बाहेर."

"कोच म्हणाले, घाबरट स्ट्रायकरपेक्षा रिकामी जागा परवडली." पोरगा पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. "समोरून गोलकीपर यायला लागला ना दादा, की मला तो आवाज ऐकू येतो."

गोलकीपरचा हात प्लास्टरवर गेला.

"हे बघ," तो म्हणाला, "माझ्या पायाचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. मी उशिरा पोचलो. चार वर्षांपूर्वीचा मी असतो, तर तू यायच्या आत बॉल माझ्या छातीशी असता. आणि एका धडकेत दोन माणसं घरी बसवायची म्हणजे काय? एक पुरे."

"काहीतरीच काय बोलता!" बायको म्हणाली.

पण तो आता बोलायच्या नादात होता. पाठ उशांवरून सुटली. "गोलकीपर अंगावर आला की त्याच्या हातांकडे बघायचं नाही. हात खोटं बोलतात. गुडघे बघ. गुडघे वाकले की तो अडकला, आता त्याला दिशा बदलता येत नाही. तिथे अर्धा श्वास थांब, आणि बॉल त्याच्या अंगावरून अलगद काढ. धडक होतच नाही."

"आणि त्यानं गुडघे वाकवलेच नाहीत तर?"

"तर तो माझ्यासारखा डँबिस. मग देवाचं नाव घे."

पोरगा हसला. स्टूल पुढे सरकवून त्यानं एकामागून एक प्रश्न विचारले. गोलकीपर हातवारे करून सांगत राहिला. बाहेरून एक नर्स डोकावली आणि निघून गेली. नवऱ्याचा आवाज असा चढलेला ऐकून बायकोच्याही चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"दादा, आणि पेनल्टी? आमच्या संघानं तुमच्यावर आजवर सहा मारल्यात. पाच तुम्ही अडवल्यात."

"सहाही एकाच बाजूला मारल्या गाढवांनी." गोलकीपरचे डोळे चमकले. "माझा उजवा गुडघा नऊ वर्षांपासून धड नाही. डावीकडे झेप घ्यायला त्याचाच रेटा लागतो, तो मिळतच नाही. डावीकडे जमिनीलगत मारलेला बॉल मला कधीच अडवता आला नसता. म्हणून मी आधीच अर्धं पाऊल डावीकडे सरकून उभा राहायचो. उजवी बाजू मोकळी दिसली, की सगळे शहाणे तिकडेच मारायचे."

"नऊ वर्षं!" पोरगा मोठ्यानं हसला. "आणि कुणाला पत्ता नाही?"

"कुणाला सांगितलंच नाही. कोचला नाही, हिलाही नाही. आणि स्ट्रायकरला तर गोलकीपर मेला तरी सांगणार नाही."

पोराचं हसू विरत गेलं. त्यानं वळून पाहिलं. बायकोच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीतच राहिला होता.

"'उभा राहायचो' म्हणजे?" तिनं विचारलं.