मधल्या आवाजाची ओळ

शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने धर्म बदलला, त्याच्या माणसांनी मठ पाडले, गाण्यांची पुस्तकं जाळली. जुन्या पद्धतीत प्रत्येक आवाजाचं पुस्तक वेगळं. आमच्या नॉरफकमधल्या चर्चच्या या स्तोत्राची पाचांपैकी चार पुस्तकं जाळपोळीतून बचावली. मधल्या आवाजाचं गेलं, म्हणून ती सुरावट मी स्वतः लिहिली. उमेदीची वर्षं त्यात घातली.

आणि दर तालमीत गाणं त्याच एका ओळीवर कोसळायचं.

"विल्फ, तुझीच ओळ बोंबलतेय," हेस्टर म्हणाली. "रविवारी असं झालं तर पाद्रीबुवा हे स्तोत्र कायमचं बंद करणार."

"मी बरोबर लिहिलंय! बेसूर तुम्ही आहात!"

"हो तर! आम्ही चौघं बहिरे, हा एकटा कानसेन!" कथबर्ट खिदळला.

मी कागद आपटले. "गा माझ्याशिवाय! कळेल चूक कोणाची ते," म्हणालो आणि तणतणत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. वेदीकडे तोंड करून, पुस्तकांत डोकी घालून चौघांनी सुरुवात केली.

ती ओळ आली. गाणं कोसळलं नाही. चौघांच्या मधोमध पाचवा आवाज चालला होता, आणि तो गात होता ते मी लिहिलेलं नव्हतं.

स्तोत्र संपलं. पुस्तकातून डोकं वर न काढताच हेस्टर शेजारच्या माझ्या रिकाम्या जागेला म्हणाली, "आलास ना मुकाट्याने परत? असं गायचं, गाढवा! जुने गायक धरायचे तसा माझ्या खांद्यावर ताल धरलास, तोही आवडला. पण हात केवढा गार रे तुझा!"