येतो, काकू

शिवऱ्याच्या आमच्या घराचं अर्धवट राहिलेलं तळघर मंगलला धुण्याच्या मशीनसाठी हवं होतं. हनुमंत गवंड्यानं दुपारी तिथं कोबा घातला आणि माझ्याशेजारी ओट्यावर चहाला बसला.

"वला हाय, काका. उद्यापतुर कुणी पाय ठिवू नका."

तेवढ्यात तळघरातून आवाज आला, "येतो, काकू."

"या!" मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली.

निघणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं, घरच्यानं 'या' म्हणायचं, ही आपली रीत. तिला वाटलं, हनुमंत निघाला. हनुमंताची बशी अजून भरलेली होती.

आम्ही बाहेरच्या झरोक्यातून वाकून पाहिलं. ओल्या कोब्यावर मागच्या भिंतीपासून जिन्यापर्यंत अनवाणी पावलं उमटली होती. चपला काढण्याइतका तो सभ्य होता.

जिना वर स्वयंपाकघरात निघतो.

"अवो," मंगलनं आतून विचारलं, "ह्यास्नी साखर किती घालू?"